सही माझी, अंगठा ताईचा

अभ्यासकौशल्यांच्या मॅडमनी पहिल्याच तासाला एक युक्ती सांगितली होती. धडा नुसता वाचू नका. समोर कुणीतरी बसलंय असं समजा आणि त्याला मोठ्यानं समजावून सांगा. त्याला कळलं तर तुम्हाला कळलं. मात्र ऐकणारं माणूस असं निवडा, ज्याला त्या विषयातलं काहीच माहीत नाही. वर्गातल्या मुलींनी कुणी आजीला निवडलं, कुणी लहान भावाला. माझं काही ठरलं नव्हतं. संध्याकाळी खोलीवर पुस्तक उघडलं, पलंगाच्या दुसऱ्या टोकाकडे तोंड केलं आणि आपोआप शब्द निघाले, "ऐक ताई."

ताईला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

आम्ही उमरेडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. माझ्या लहानपणी एकच माग उरला होता आणि त्यावर बाबा बसायचे. विणणाऱ्याला कांड्या भरून देणारं कुणीतरी लागतं. चरख्यावर सूत लहान नळीवर गुंडाळायचं, ती नळी मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची. हे काम बायका आणि मुलं करतात. आईचा खांदा धरला तेव्हा ते ताईकडे आलं. चौथी झाली आणि तिची शाळा सुटली. मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. दोघींपैकी एकीला घरी बसावं लागणार होतं आणि ती मोठी होती, एवढंच. तिला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. मी शाळेतून आले की ती चरखा न थांबवता म्हणायची, "आज काय शिकवलं वं? सांग." मी सांगायची. म्हणजे मॅडमची युक्ती मला आधीपासून येत होती. तिला अभ्यासकौशल्य म्हणतात हे तेवढं माहीत नव्हतं.

अकराव्या वर्षी ताई तापानं गेली. तीन दिवसांचा ताप. घरात नवं कापड नव्हतं म्हणून माझा शाळेचा नवा फ्रॉक तिला घातला. तो तिला आखूड झाला. लहान मुलांना आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. नंतर दोन वर्षांत बाबांनी माग मोडला आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला लागले. शनिवारी घरी यायचे. त्यांनी मला नागपूरला कॉलेजात घातलं, आणि मी शेवटच्या वर्षाला पोचले त्या उन्हाळ्यात एका दुपारी ते कामावरच कोसळले आणि गेले.

शेवटच्या वर्षाला पदवीच्या विषयांबरोबर चार जोड अभ्यासक्रम होते. करिअर नियोजन आणि अभ्यासकौशल्यं सगळ्यांना सक्तीची. उरलेल्या दोनांतून एक घ्यायचा, इटालियन किंवा पॅरालीगल. पॅरालीगल म्हणजे वकिलाच्या हाताखालचं कागदांचं काम: अर्ज, शपथपत्रं, दाखले कुठून कसे काढायचे ते. मी तो घेतला. मनीषनगरला माझ्यासोबत खोलीत राहणारी मैत्रीण इटालियनला गेली, कारण तिला पुढं तिकडे शिकायला जायचं होतं. धरमपेठेतल्या आमच्या कॉलेजात दोन्ही वर्ग एकाच हॉलमध्ये भरायचे, मध्ये प्लायवूडची भिंत. आम्ही शपथपत्राचा मसुदा उतरवून घेत असताना पलीकडून वीस-पंचवीस गळे एका सुरात आपापली नावं सांगायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं. आमच्या शाळेत इंग्रजीच्या तासालाही धाप लागायची, आणि इथं भिंतीपलीकडे इटली होती.

मैत्रिणीला सरावाला कुणीतरी हवं असायचं. एकदा स्वयंपाक करताना तिनं मला कुटुंबाचा धडा विचारायला घेतला. आधी आकडे शिकवले, मग नाती. मग परीक्षकासारखी उभी राहिली आणि इटालियनमध्ये विचारलं, बहीण आहे का?

"ऊना," मी म्हटलं. एक.

"वय?"

"ऊंदिची." अकरा.

ती हसायला लागली. "वा गं! केवढी लहान आहे तुझ्यापेक्षा. शेंडेफळ काय? कधी बोलली नाहीस!"

"लहान नाही," मी म्हटलं. "मोठी आहे."

तिला वाटलं मी आकडा चुकले. तिनं पुन्हा एकपासून म्हणायला लावलं. मी म्हटले सगळे नीट, वीसपर्यंत. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि गॅस बारीक केला. त्या दिवशी तिनं पुढचा धडा घेतला नाही.

मी भूतबीत मानत नाही. पण पलंगाच्या त्या टोकाला बसून ताई ऐकायची, एवढं मी खरं सांगते. ती वाढली नव्हती. प्रश्न विचारायची. शपथपत्राचा धडा सांगितला तेव्हा तिनं विचारलं, "अन् खोटं लिवलं तर वं?" मी सांगितलं, गुन्हा होतो. "पण कोणाले समजलंच नाई तर?" याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.

पॅरालीगलच्या अभ्यासक्रमात प्रत्येकीला एक खरं प्रकरण हाती घेऊन तडीला न्यायचं होतं आणि त्याची फाइल सादर करायची होती. मी आमचंच घर घेतलं. घर बाबांच्या नावावर होतं, ते आईच्या आणि माझ्या नावावर करायचं. सोपं प्रकरण. माझी छाती फुगली होती. आमच्या घराण्यात सरकारी कागद दुसऱ्याकडून लिहून घेतलेला असायचा आणि खाली अंगठा. हा पहिला कागद घरातल्या माणसानं लिहिलेला होता. वारसांच्या शपथपत्रात मी दोन नावं घातली आणि खाली ठरलेलं वाक्य लिहिलं: यांच्याव्यतिरिक्त मयताला अन्य कोणीही वारस नाही.

आईला घेऊन मी नगरपरिषदेत गेले. खिडकीतल्या बाईंनी शपथपत्र वाचलं, मग सोबत जोडलेल्या रेशनकार्डाची झेरॉक्स वाचली. पेनाचं टोक तिसऱ्या ओळीवर ठेवलं.

"इथं चार नावं आहेत. ही कोण?"

मी झेरॉक्स स्वतः काढली होती. स्वतः टाचणी लावली होती. ते नाव मला दिसलंच नव्हतं. घरातल्या कार्डावर ते कायमच होतं आणि ते तिथं असणं मला इतकं नेहमीचं होतं, की बाहेरच्या माणसाला ते वेगळं दिसेल हे डोक्यातच आलं नाही. बारा वर्षं आईनं ते काढू दिलं नव्हतं. धान्यासाठी नाही. नाव काढायचा विषय निघाला की ती उठून जायची.

"माही मोठी पोरगी," आई म्हणाली.

"मग तिची सही कुठं आहे? नसेल तर मृत्यूचा दाखला लागेल."

दाखला नव्हता. बाबा तेव्हा नोंद करायला निघाले होते, असं आई नंतर म्हणाली. ऑफिसच्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा कोणी गेलं नाही.

बाहेर कडुनिंबाखाली टेबल टाकून अर्ज लिहून देणारे एक काका बसायचे. बाबांची कामं त्यांनीच केलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चुटकी वाजवली.

"इतकंच ना वहिनी? टेन्शन नका घेऊ. दाखला काढाले सहा महिने जातीन. आपण सीधा रस्ता घेऊ. पोरगी हाये, लग्न होऊन सासरी हाये, बापाच्या घरावर तिचा काही दावा नाई. स्टॅम्पपेपरवर हक्कसोड लिहू, खाली अंगठा. झालं."

"अंगठा कोणाचा?" मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "तू शिकली ना वं कॉलेजात? मंग सही करत असशीन. अंगठा कधी लावला काय? नाई. म्हंजे अंगठा तुहा रिकामाच हाये." आणि आपल्याच विनोदावर खुदखुदले. "सही तुही, अंगठा तिचा. आमच्या वळखीचा नोटरी हाये, तो मान वर करून पाहत नाई."

मी आईकडे बघितलं. ती रागावेल, उठेल असं वाटलं होतं. पण आईचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा उजळलेला पाहिला नव्हता. ती पदर नीट करून टेबलाजवळ सरकली आणि म्हणाली, "भाऊ, सासर कोणतं लिवसान?"

"जे सांगाल ते."

"पवनी लिवा," आई लगेच म्हणाली. "पवनीले दिली. मागवाल्याचंच घर हाये. पण आता माग नाई त्याईच्या घरी, दुकान हाये."

हे तिनं तिथं बसून रचलेलं नव्हतं. घरी परतताना वाटेनं मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. लग्न दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात. जावई दिसायला सावळा आहे पण बोलायला गोड. एक पोरगी झाली. दुसरं आता नको म्हणते. सासूचं आणि हिचं पटतं. करिअर नियोजनाच्या तासाला सरांनी आम्हाला एक तक्ता दिला होता, पाच वर्षांनी कुठं, दहा वर्षांनी कुठं, वाटेतले टप्पे कोणते. माझा तो तक्ता अर्धा कोराच होता. आईनं ताईचा मात्र, वर्षाला वर्ष जोडत, पूर्ण भरून ठेवला होता. आणि आता तो सरकारी कागदावर उतरायची वेळ आली होती. फक्त माझ्या अंगठ्याची गरज होती.

हक्कसोडीसाठी पुढच्या सोमवारी यायचं ठरलं.

त्या आठवड्यात मला अभ्यास जमला नाही. पुस्तक उघडायची, पलंगाच्या टोकाकडे बघायची आणि मिटायची. ताई तिथं होती. पण प्रश्न विचारत नव्हती. पहिल्यांदाच ती माझ्या तोंडाकडे नुसती बघत होती, आणि मला काही केल्या समजेना, की तिला पवनीचं घर हवंय की नकोय. मोठी झाली असती तर मला सांगितलं असतं. अकरा वर्षांच्या मुलीला हे कसं विचारायचं?

पॅरालीगलच्या मॅडम स्वतः वकील होत्या. तास संपल्यावर मी त्यांना विचारलं, एखादीच्या बाबतीत असं झालं असेल तर काय करायचं. त्यांनी उशिरा नोंद करण्याची पद्धत सांगितली. नोंद नसल्याचा दाखला आधी काढायचा. मग शाळेचा उतारा, शेजारच्या दोघांचे जबाब, आईचं शपथपत्र, अधिकाऱ्यापुढे सुनावणी, आणि त्याचा आदेश झाला की दाखला. मग त्या म्हणाल्या, "ही एखादी म्हणजे तू का?" मी हो म्हटलं. हक्कसोडीचं मात्र सांगितलं नाही. त्या इतकंच म्हणाल्या, "आईला बोलावं लागेल. ती तयार आहे का बघ."

रविवारी मी उमरेडला गेले. आई भाकरी करत होती. मी एका कागदावर माझी सही केली. शाईचा पॅड आणला होता. सोमवारी गडबडू नये म्हणून घरी करून बघावं, असं मी स्वतःला सांगितलं होतं. अंगठा बुडवला आणि सहीच्या शेजारी उमटवला. दोन्ही बाजूबाजूला. सही शाळेत गेलेल्या मुलीची, अंगठा न गेलेल्या मुलीचा. मी किती वेळ ते बघत बसले कोण जाणे. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा पाहिलं, आईही माझ्यामागे उभी राहून तेच बघत होती.

"मी नाई लावत अंगठा, माय," मी म्हटलं.

"काहून?"

"गुन्हा हाये तो."

"कोणाले समजते?"

मी शाईच्या पॅडचं झाकण लावलं.

"मंग काय, तू मारशीन तिले?" आई एकदम ओरडली. "तुह्या बापानं नाई मारलं कागदावर. पायरीवरून परत आला तो. तू शिकली म्हणून तू मारशीन? तिच्या जिवावर शिकली अन् तिलेच मारून राहिली तू!"

हे ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली. मनात मात्र आम्हा दोघींच्याही होतं, बारा वर्षं.

मी रडले नाही. मला रडू येत नव्हतं. माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं, वकिली शिकल्याचंही त्यात काही नव्हतं. "माय," मी म्हटलं, "ताईले सही येत होती."

आई थांबली.

"चौथी शिकली होती ते. रेशनच्या दुकानात बाबानं अंगठा लावला की हासे. म्हणे, बाबा, अंगठा नका लावू, लोक पाहतेत, या, मी शिकवतो. जिवंत राहिली असती तर ते अंगठा काहून लावीन? आपण तिले जिवंत करून राहिलो अन् अडाणी करून राहिलो."

आई चुलीजवळ जाऊन बसली. करपलेली भाकरी तिनं परातीत उलटी टाकली. तवा खाली उतरवला आणि म्हणाली, "हो. येत होती." आणि मग, "पहिलं अक्षर मोठं काढे."

सोमवारी आम्ही काकांकडे गेलो नाही.

पुढचे पाच महिने कागदांचे. शाळेच्या रजिस्टरात ताईचं नाव होतं, आणि शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात 'घरकाम' लिहिलेलं होतं. त्याची नक्कल घेताना मी पुढची पानं चाळली. तिथं माझंही नाव होतं, आणि माझ्यापुढचा तो रकाना कितीतरी वर्षं रिकामा राहिला होता. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी जबाब दिले. सुनावणीच्या दिवशी आई नवं लुगडं नेसून आली. अधिकाऱ्यांनी विचारलं, "मृत्यूची तारीख?"

"तान्हा पोळा होता," आई म्हणाली. "दारात लेकरं लाकडाचे बैल घेऊन आले होते. मी त्याईले बोजारा नाई देऊ शकली."

अधिकारी तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले. मी त्यांना सांगितलं, पोळ्याचा दुसरा दिवस, लहान मुलांचा, दारी आलेल्या मुलांच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं. त्यांनी फोनवर त्या वर्षाचं पंचांग काढून तारीख लिहिली. मग आईला विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. आई म्हणाली, "नाई. तिले ताप होता. मी जवळ होती." इतकंच. मी मात्र त्या दिवशी जवळ नव्हते, शाळेत होते की बाहेर बैलांच्या मागे पळत होते, तेही मला आठवत नाही. आईच्या शपथपत्रासोबत माझंही जोडलं होतं, त्यात मी ते तसंच लिहिलं, मला आठवत नाही म्हणून. पॅरालीगलच्या मॅडमनी फाइल तपासताना त्या ओळीखाली नुसती रेघ ओढली.

घर आमच्या नावावर झालं. रेशनकार्डावरून दोन नावं कमी झाली. मी पदवीधर झाले, आणि आता धरमपेठेतल्या एका वकिलांकडे अर्ज आणि शपथपत्रं तयार करते. कॉलेजचे, मॅडमचे, त्या प्लायवूडच्या हॉलचे माझ्यावर उपकार आहेत. मैत्रीण इटलीला गेली.

दाखला हाती आला त्या दिवशी मी तो आईला वाचून दाखवला. तिनं विचारलं, "वय किती लिवलं?"

"अकरा."

"मंग बरोबर." तिनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि मला परत दिला. "हा इथं नोको ठेवू. घरात नोको. तुह्यापाशी ठेव, नागपुरात."

मी म्हटलं, मूळ कागद घरीच असलेला बरा, माझी खोली भाड्याची.

"असू दे. बारा वर्षं माह्यापाशी होती. आता तू सांभाळ."

तेव्हापासून तो माझ्याकडे आहे, एका फाइलमध्ये. आई दर शनिवारी फोन करते. पाऊसपाणी, शेजारपाजार, माझं जेवणखाण सगळं विचारून होतं आणि शेवटी तिचा आवाज जरा खाली येतो. "हाये ना वं तुह्यापाशी?" मी म्हणते, हाये. सुरुवातीला मी फाइल उघडून बघून सांगायची. आता न बघताच सांगते, आणि ते तिला कळतं. मग ती म्हणते, "पाहून सांग."

गेल्या महिन्यात मी खोली बदलली. सामान फार नव्हतं, एक ऑटो पुरणार होता. निघायच्या आधी आईचा फोन आला.

"गादी, भांडेकुंडे मागून ने," ती म्हणाली. "पहिल्या खेपेत तिले ने. एकटी नोको ठेवू तिथं."

सगळं एकाच खेपेत मावणारं होतं. मी ऑटोवाल्याला दोन खेपा सांगितल्या. पहिल्या खेपेला फक्त फाइल मांडीवर घेऊन बसले. तो आरशातून बघत म्हणाला, "मॅडम, इतकंच?"

"इतकंच," मी म्हटलं. "हळू चालवा."